नोकरी देण्याआधी पाठीमागून फोन फिरवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले कारखानदार, एचआर मॅनेजर, टाईम ऑफिसची मंडळी आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर,

नमस्कार.

मागच्या आठवड्यात एचआरवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज फिरत फिरत आमच्या शॉपमध्ये पण आला. त्यात ठरलंय असं, की इथून पुढं कुठल्याही पोराला घेण्याआधी तो सध्या जिथं कामाला आहे तिथं फोन लावायचा, तिथून हो आलं तरच इंटरव्ह्यूला बसवायचं, आणि जो नोटीस न देता सोडून गेला त्याचं नाव, फोटो आणि आधार कार्ड ग्रुपवर टाकायचं म्हणजे बाकीचे सावध होतील. त्याखाली नुसते अंगठेच अंगठे. एकानंही विचारलं नाही की बाबा, ज्याची चौकशी करणार त्याला हे सांगणार का नाही.

मी कुपवाडला मशीन शॉपला सुपरवायझर आहे. आयटीआय टर्नर, आधी लेथवर, मग सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, आता हातात रिपोर्ट आणि डोक्याला ताप. माझ्या हाताखालनं बरीच पोरं शिकून बाहेर पडली, कोण तासवड्याला गेलं, कोण शिरोलीला, कोण गोकुळ शिरगावला, काहीजण चाकणला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बायोडेटावर खाली रेफरन्स म्हणून माझा नंबर आहे. म्हणजे तुम्ही जे फोन करता ते मलाच येतात, त्यामुळं तुम्ही काय विचारता आणि काय विचारत नाही हे मला चांगलं माहीत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, माझी पण नोकरी आहे, आणि तुमचा ग्रुप कसा चालतो ते वर सांगितलंच.

आधी एक बाजू तुमची. चौकशी करूच नका असं मी म्हणत नाही. खोटी एक्स्पीरियन्स लेटरं छापून मिळतात हे आम्हालाही माहीत आहे, व्हीएमसीवर (सीएनसीचंच उभं मिलिंग मशीन) पाच वर्षं काढली म्हणून सांगणाऱ्याला टूल लेंथ ऑफसेट घेता येत नाही हे आम्ही रोज बघतो, आणि स्टोअरमधनं कार्बाईडच्या टिपांची खोकी गायब होतात तेव्हा शिव्या आधी आम्हीच खातो. माणूस तपासून घ्या. चाळीस लाखाचं मशीन कुणाच्याही हातात देऊ नये. भांडण आहे ते कधी विचारता, कुणाला विचारता, काय विचारता आणि ज्याच्याबद्दल विचारता त्याला अंधारात का ठेवता यावर.

पहिली तक्रार सगळ्यात मोठी, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सध्याच्या मालकाला फोन.

माझा भाचा मिरजेला एका जॉब शॉपमध्ये व्हीएमसीवर होता. काम चांगलं, खाडे नाहीत, पण पगार जिथल्या तिथं. त्यानं एका मोठ्या कंपनीत अर्ज टाकला. यात गुन्हा काही नाही, पीसमागं दोन रुपये जास्त मिळाले तर तुम्ही पण कस्टमर बदलताच की. सेकंड शिफ्टच्या आधी जाऊन इंटरव्ह्यू देऊन आला, साहेब बरं बोलले, कळवतो म्हणाले. फॉर्मवर त्यानं स्पष्ट लिहिलं होतं की सध्याच्या कंपनीत आत्ता विचारू नका, ऑफर आली की मी रीतसर राजीनामा देणार आहे. तरी तिकडच्या एचआरनं इकडच्या एचआरला फोन लावला, का तर दोघं एकाच कॉलेजचे. "तुमच्याकडचा एक जण आलाय बघ आमच्याकडं, कसा आहे रे?" बास, एवढंच. दुसऱ्या दिवशी ओव्हरटाईम बंद. आमच्या लाईनला ओव्हरटाईम गेला म्हणजे घरखर्चाचं गणितच गेलं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग सलग रात्रपाळी. मग मशीनवरनं उठवून डिबरिंगला बसवला, हातात कानस देऊन. शेवटी केबिनमध्ये बोलवून सांगितलं की तुझं मन इथं नाही, उद्यापासून येऊ नको. आणि जिथं इंटरव्ह्यू दिला होता तिथनं निरोप काय, तर "पोझिशन होल्डवर गेली."

ज्यानं फोन केला त्या साहेबाला या सगळ्याची कल्पनाही नसेल. त्याच्या लेखी रेफरन्स चेक झाला, रकान्यात टिक पडली, विषय संपला. इकडं मात्र एका पोराची असलेली नोकरी गेली, नवी मिळाली नाही, गाडीचा हप्ता थकला आणि घरात बोलाचाली सुरू झाली. पुण्यामुंबईच्या कंपन्यांच्या बऱ्याच फॉर्मवर सरळ विचारलेलं असतं, सध्याच्या मालकाशी संपर्क केला तर चालेल का, हो किंवा नाही. माझी थोरली पुण्यात आयटीला आहे, तिच्या वेळी आधी ऑफर आली, मग तिच्या सहीनं संमती घेतली, मग बाहेरच्या एजन्सीनं जुन्या कंपनीला मेल करून तारखा, हुद्दा, रुजू कधी, सोडलं कधी एवढं विचारलं. आणि जिथं ती त्या वेळी काम करत होती तिथली चौकशी तिनं राजीनामा दिल्यावरच. म्हणजे असं करता येतं. सांगली पुण्यापासून काही चंद्रावर नाही.

इथं हा त्रास जास्त होतो कारण इथं सगळे एकमेकांना ओळखतात. मोठ्या शहरात एका कंपनीची गोष्ट दुसऱ्या कंपनीत पोचायला वेळ लागतो, इथं चहाच्या टपरीवर अर्ध्या तासात पोचते. म्हणून इथल्या एचआरनं उलट जास्त जपून वागायला पाहिजे.

दुसरी तक्रार, तुमचे प्रश्न. मला फोन येतो तेव्हा सुरुवात ठरलेली, "माणूस कसा आहे?" आता याला काय उत्तर द्यायचं? चांगला आहे. मग पुढं, "गाव कुठलं? वडील काय करतात? कुणापैकी?" अहो, लग्नाचं स्थळ बघताय का ऑपरेटर? कुणापैकी आहे हे कळून बोअरचं टॉलरन्स सुधारणार आहे का? मी या प्रश्नाचं उत्तर देत नाही, समोरचा नाराज होतो, होऊ दे. मग हळूच, "युनियनच्या नादाला लागलाय का?" संघटना करायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमानं दिलाय साहेब, तो नाद नव्हे. बाई असेल तर लग्न ठरलंय का, झालं असेल तर मूल झालंय का, नसेल तर कधी. इन्स्पेक्शनला बसणाऱ्या एका पोरीबद्दल मला हे विचारलं गेलं, तिला मायक्रोमीटर धरता येतो का हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. आणि मग पगार, जुन्या ठिकाणी किती घेत होता, म्हणजे त्यावर हजार-पाचशे टाकून गप करायला.

कामाचा प्रश्न कधी येत नाही. फॅनुकच्या कंट्रोलवर काम केलंय का सीमेन्सच्या, प्रोग्राम स्वतः एडिट करतो का नुसतं बटण दाबतो, सेटिंग करतो का दुसऱ्यानं लावून दिलेलं चालवतो, ड्रॉइंग वाचता येतं का, फर्स्ट पीस दाखवल्याशिवाय पुढं जातो का. आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न, हातनं जॉब बिघडला तर येऊन सांगतो का स्क्रॅपच्या ढिगात खाली सरकवतो. हे विचारा की! तुम्ही म्हणता उमेदवारानं दिलेला रेफरन्स चांगलंच सांगणार, म्हणून आम्ही दुसरीकडनं विचारतो. मोघम विचारलं तर चांगलंच सांगणार ना. नेमकं विचारलं तर माणसाला गोलगोल बोलता येत नाही. "तुमच्याकडं जागा असेल तर याला परत घ्याल का?" एवढं विचारून बघा, समोरचा किती वेळ गप्प राहतो त्यातच निम्मं कळतं.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि इथं मला खरंच राग येतो, कारण कागद मागणारे तुम्हीच आणि अडवणारे पण तुम्हीच. नवा माणूस आला की आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर पाहिजे, एक्स्पीरियन्स लेटर पाहिजे, ते नसेल तर गेटवरनं परत. आणि तुमचा माणूस सोडून चालला की त्याचं लेटर टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, साहेब सुट्टीवर आहेत, सही राहिलीय, आधी नोटीसचे पैसे भर, पुढच्या सोमवारी ये. काही ठिकाणी आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतात, हे तर सरळ सरळ अडवून धरणं झालं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत. त्यात कामगाराला अपॉइंटमेंट लेटर द्यायलाच पाहिजे असं आहे, आणि त्यातल्या पगाराच्या वेज कोडच्या १७ व्या कलमात काढून टाकलं काय किंवा राजीनामा दिला काय, राहिलेला पगार दोन वर्किंग डेच्या आत द्यायचा असं आहे. माझ्या ओळखीतल्या पोरांना विचारा, दोन दिवसात कुणाला मिळालाय का. अपॉइंटमेंट लेटर तर बऱ्याच जणांनी आयुष्यात बघितलेलं नाही, मग ते पुढच्या साहेबाला दाखवणार काय?

त्यात कॉन्ट्रॅक्टरचा घोळ. पोरगं काम करतं तुमच्या कंपनीत, तुमच्या मशीनवर, तुमचा शर्ट घालून, पण पीएफ भरला जातो कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, तो पण कधीकधी रुजू झाल्यावर चार महिन्यांनी सुरू होतो. मधेच कॉन्ट्रॅक्टर बदलला की पीएफच्या हिस्ट्रीत कंपनीचं नाव पण बदललं, पोरगं मात्र त्याच मशीनवर उभं. उद्या हा माणूस चाकणला गेला, बायोडेटावर तुमचं नाव लिहिलं, तिथल्या चौकशी करणाऱ्या एजन्सीनं यूएएनवरची (पीएफच्या कायमच्या नंबरवरची) सर्व्हिस हिस्ट्री बघितली तर तिथं कुठल्या तरी एंटरप्रायझेसचं नाव आणि तारखा पण जुळत नाहीत. एजन्सी रिपोर्टवर लाल शेरा मारते, माहिती जुळत नाही. पोरगं खोटं ठरतं. त्यानं एक अक्षर खोटं लिहिलेलं नसतं. असं झालेला एक जण माझ्यासमोर बसून रडलाय, आणि त्याच्या बाजूनं दोन ओळी लिहून द्या म्हणून मी जुन्या कंपनीत गेलो तर मला सांगण्यात आलं की तो आमच्या रोलवरच नव्हता. कायद्यानं बरोबर असेल. पण तीन शिफ्टला तुमचं प्रॉडक्शन कुणी काढलं मग?

डेट ऑफ एक्झिटचं, म्हणजे पीएफच्या रेकॉर्डवर नोकरी सोडल्याची तारीख टाकायचं, पण तेच. ती टाकली नाही की पीएफ ट्रान्सफर अडकतो आणि नव्या ठिकाणी वाटतं हा अजून जुन्या कंपनीतच आहे, दोन ठिकाणी नोकरी करतोय. २०२० पासून कामगाराला स्वतः ती तारीख टाकता येते, शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिने थांबून, मोबाईलला आधार जोडलेला असला की ओटीपीवर होतं. हे सगळ्या पोरांनी वाचून ठेवा. पण मालकानं वेळेत टाकली तर ही वेळच येत नाही, ऑफिसमधलं पाच मिनिटाचं काम आहे.

चौथं, तो ग्रुप. कुणाचं आधार कार्ड, फोटो, घरचा पत्ता ग्रुपवर टाकून "याला घेऊ नका" लिहायचं, हे कुठल्या अधिकारात? डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला आलेत, मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्यात. त्यात नोकरीच्या कामापुरती मालकाला माहिती वापरायची मोकळीक आहे हे खरं, पण ती स्वतःच्या कामगाराच्या बाबतीत आणि त्या कामापुरती. वीस कंपन्यांच्या ग्रुपवर कागद उधळायला नाही. माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत ठेवलीय, वाचून घ्या एकदा. बदनामीला भारतीय न्याय संहितेचं ३५६ वं कलम आहेच, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. खरं बोलणाऱ्यानं, चांगल्या हेतूनं, ज्याला माहिती हवी त्यालाच सांगितलं तर कायदा त्याला सांभाळून घेतो, म्हणून रेफरन्स द्यायला घाबरायचं कारण नाही. पण रागाच्या भरात ग्रुपवर "चोर आहे" टाकणं वेगळं. पोलिसात तक्रार नाही, चौकशी नाही, नुसता मेसेज. आणि त्या माणसाला कळत पण नाही की आपल्याला सगळीकडं नाही का म्हणतायत, तो बिचारा नशिबाला दोष देत फिरतो, कुणी म्हणतं साडेसाती आहे, शनिवारी तेल वाहा.

नोटीस न देता पोरं पळतात ही तुमची अडचण खरी आहे, मला पण सकाळी सातला मशीन बंद दिसलं की डोकं फिरतं. पण का पळतात ते पण बघा. नोटीस दिली की महिनाभर छळ होतो, पगार अडकतो, लेटर मिळत नाही, हे त्यांनी आधीच्यांचं बघितलेलं असतं. भाच्याचं वर सांगितलं, त्यानं तर अजून नोटीसही दिली नव्हती.

मग माणूस तपासायचा कसा? धाकटी एचआरमध्येच एमबीए करतीय, तिनं मला एक दाखवलं. श्मिट आणि हंटर म्हणून दोन अमेरिकन अभ्यासक, त्यांनी १९९८ ला पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं की नोकरीवर घेताना वापरायच्या कुठल्या पद्धतीनं पुढचं काम कसं होईल याचा किती अंदाज येतो. शून्य म्हणजे काहीच अंदाज नाही, एक म्हणजे अचूक, अशा मापात प्रत्यक्ष काम करून घेण्याला त्यांनी ०.५४ दिले, रेफरन्स विचारण्याला ०.२६, म्हणजे निम्म्यापेक्षा कमी. तिनंच सांगितलं की नंतरच्या अभ्यासकांनी कामाच्या चाचणीचा आकडा बराच खाली आणलाय, त्यामुळं दशांशात मी पडत नाही. पण आम्हाला हे शॉपमध्ये उभं राहून दिसतंच. एक ड्रॉइंग द्या, रॉ मटेरियल द्या, तासभर मशीन द्या, जवळ एक सेटर उभा करा. तासाभरात जे कळतं ते दहा फोन करून कळणार नाही. फक्त त्या ट्रायलच्या नावाखाली आठ दिवस फुकट राबवून घेऊ नका, तो प्रकार पण चालतो.

आणि कागद तपासायचे तर जिथं तयार झाले तिथं तपासा. आयटीआयचं सर्टिफिकेट ऑनलाईन बघता येतं, डिजिलॉकरवर येतं. बॉयलर अटेंडंटकडं, वायरमनकडं सरकारी परवाना असतो, त्याचा नंबर असतो. कामाच्या तारखांसाठी उमेदवाराला तुमच्यासमोर पीएफची सर्व्हिस हिस्ट्री उघडायला सांगा, तो खुशीनं दाखवेल. कॅश, सिक्युरिटी, ड्रायव्हर असल्या जागांना पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागा. यात कुणाच्या कॉलेजच्या मित्राला फोन लावायची गरज येते कुठं?

आता मागण्या, सरळ सांगतो.

१. ग्रुपवरचा तो निर्णय मागं घ्या. सध्याच्या मालकाला ऑफर लेटर दिल्याशिवाय आणि उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय फोन करायचा नाही.

२. आधार, फोटो, पत्ते ग्रुपवरनं आजच काढा. खरंच चोरी झाली असेल तर पोलिसात जा.

३. रेफरन्सला कामाचेच प्रश्न. जात, गाव, लग्न, मूल, युनियन बंद. उत्तरं लिहून ठेवा, कुणी दिली आणि कधी त्यासकट.

४. रेफरन्समुळं नाकारलं तर उमेदवाराला तसं सांगा आणि त्याची बाजू मांडायला एक संधी द्या. नावं सांगू नका हवं तर, पण मुद्दा सांगा. तारखेचा घोळ असेल तर तो कागद दाखवून मिटवेल तरी.

५. सोडून जाणाऱ्याला पगार कायद्यातल्या मुदतीत, एक्स्पीरियन्स लेटर शेवटच्या दिवशी हातात, डेट ऑफ एक्झिट वेळेत. ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाचं ठेवलं असेल तर परत करा.

६. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी द्या, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत, आमच्या अमुक मशीनवर काम केलं. याला एक रुपया लागत नाही.

कारखानदारांच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि बैठकीला दोन-चार कामगार पण बोलवावेत, निदान ऐकायला. सहावी मागणी सगळ्यात सोपी आहे, तिथनं सुरू केलं तरी चालेल.

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. इथून पुढं रेफरन्ससाठी फोन आला की मी आधी विचारणार, कंपनी कुठली, जागा कुठली, पोराला सांगून फोन केलाय का. हो म्हणालात तर कामाबद्दल जे खरं आहे ते सगळं सांगणार, कच्चं असेल ते पण. नाही म्हणालात तर फोन ठेवून त्या पोराला कळवणार की तुझ्याबद्दल अमुक ठिकाणाहून विचारणा आली होती. बाकीच्या सुपरवायझर मंडळींनी पण असंच करावं असं मला वाटतं. आणि फोन संध्याकाळी सातनंतर करा, शिफ्ट चालू असताना शॉपमध्ये कंप्रेसरच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

आपला,
कुपवाड एमआयडीसीतला एक शॉप सुपरवायझर